दारात आलेल्या बाईला घेऊन कुठं जायचं?

तुम्ही नुकत्याच आशा म्हणून लागला असाल, अंगणवाडीत रुजू झाला असाल, ग्रामपंचायतीवर पहिल्यांदा निवडून आला असाल किंवा तासगाव-कवठेमहांकाळकडच्या एखाद्या शाळेवर बदलून आला असाल. कधीतरी एक बाई तुमच्या दारात येईल. वेळ बहुतेक दिवेलागणीची असते. हातात कपड्यांची पिशवी, कडेवर लेकरू आणि तोंडात एकच वाक्य, "ताई, आजच्या रातीला थांबू का?"

त्या वेळी तुमची धांदल होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. मी सांगली जिल्ह्यात बरीच वर्षं घरातला मार आणि छळ सोसून निघालेल्या अशा बायकांबरोबर दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. सुरुवातीला मी प्रत्येक टेबलासमोर हात जोडून उभी राहायचे, "साहेब, एवढं करा ना" म्हणायचे. पुढं कायदा वाचायला शिकले, तेव्हा कळलं की मी विनवणी करून जे मागत होते ते त्या खुर्चीला नेमून दिलेलं कामच होतं. पोलीस, डॉक्टर, संरक्षण अधिकारी, न्यायाधीश, शाळेचे मुख्याध्यापक, ग्रामसेवक या प्रत्येकावर कायद्यानं काही ना काही टाकलेलं आहे. कोणाकडं काय मागायचं ते आपल्याला नेमकं माहीत असलं की बाईचे हेलपाटे वाचतात. आणि हेलपाट्यांनीच बाया खचतात. तिसऱ्या फेरीला "जाऊ द्या ताई, माझं नशीबच तसं" म्हणत परत जाणाऱ्या मी फार पाहिल्यात.

पहिली रात्र

आधी तिला बसवा, पाणी द्या. लेकराला काहीतरी खायला द्या. मग चारच गोष्टी विचारा. मार कुठं लागलाय? जीवाला धोका आहे का, म्हणजे तो मागून इथं येईल का? घरी कुणी लेकरू मागं राहिलंय का? आणि आज रात्री तुला कुठं राहावंसं वाटतं? "काय केलंस तू?", "भांडण कशावरून झालं?" हे प्रश्न त्या रात्री अजिबात नकोत. तुम्ही कुतूहलानं विचारता, पण तिला वाटतं की इथंही आपल्यालाच जाब द्यायचाय.

तिसरा प्रश्न विसरू नका. मारहाणीच्या गडबडीत बाई धाकट्याला उचलून निघते आणि शिकवणीला गेलेली थोरली तिथंच राहते. मग ती पोरगी हेच सासरच्यांचं हत्यार होतं.

धोका असेल तर 112 लावा. पोलीस, अॅम्ब्युलन्स सगळं या एकाच नंबरवर आहे. बायकांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे नंबर रात्रंदिवस चालतात, फुकट आहेत. तुमच्या घरात ठेवणं शक्य नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. ही केंद्र सरकारची योजना 2015 पासून आहे. तात्पुरता निवारा, दवाखाना, पोलिसांची मदत, वकील आणि समुपदेशन एकाच छताखाली मिळावं म्हणून ती काढली. तिथं साधारण पाच दिवस राहता येतं. त्याहून जास्त दिवसांची गरज असेल तर शक्ती सदनासारख्या निवासात सोय करायला तिथूनच सांगतात.

"रात्रीची वेळ आहे, सकाळी बघू, आता घरी जा" असं कुणीही म्हटलं तरी तिला एकटीला परत पाठवू नका.

दवाखाना: केसपेपरवरची एक ओळ

मार लागला असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता सरकारी दवाखान्यात न्या. जवळचं ग्रामीण रुग्णालय चालतं, सांगलीचं सिव्हिल चालतं, मिरजेचं शासकीय रुग्णालय चालतं.

माझ्या अगदी सुरुवातीच्या काळातली एक बाई सांगते. दंडावर वळ, ओठ फुटलेला. केसपेपर काढताना सासू शेजारी उभी होती. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? ही खाली मान घालून म्हणाली, "गोठ्यात पाय घसरला." मीही गप्प राहिले, म्हटलं आता उपचार होऊ देत, बाकीचं नंतर बघू. कागदावर लिहिलं गेलं, 'पडून इजा'. दोन वर्षांनी कोर्टात समोरच्या वकिलांनी तेवढी एकच ओळ वाचून दाखवली आणि खाली बसले. ती चूक माझी होती. सासूला बाहेर थांबवणं हे माझं काम होतं.

म्हणून दवाखान्यात आधी नातेवाईक बाहेर. मग तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, कुणी मारलं, कशानं मारलं, कधी मारलं. डॉक्टरांना सांगा, एमएलसी करा, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येईल अशी दवाखान्याची नोंद. जखमांचे फोटो तारखेसह काढा आणि आज काढलेत तसे दोन दिवसांनी पुन्हा काढा. काळेनिळे डाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठून दिसतात.

कुणी म्हणालं, "आधी पोलिसांचं पत्र आणा", तर शांतपणे सांगायचं की कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तशी अट नाही. कायद्याचं पूर्ण नाव 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005'. त्याच्या नियमांत साफ लिहिलंय की आधी घरगुती घटनेचा अहवाल नोंदवला नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. उलट अहवाल नसेल तर दवाखान्यानंच तो भरून संरक्षण अधिकाऱ्यांकडं पाठवायचा असतो. तपासणीच्या अहवालाची प्रतही तिला फुकट मिळते. ही प्रत घेतल्याशिवाय दवाखान्यातून हलू नका.

पोलीस ठाणं

इथं नव्या माणसाचा सगळ्यात मोठा घोळ होतो तो असा, की फौजदारी गुन्हा आणि 2005 च्या कायद्यातला अर्ज या दोन वाटा आहेत हेच माहीत नसतं. पहिली वाट त्याला शिक्षा व्हावी म्हणून. दुसरी, तिला संरक्षण, घर, पैसे आणि मुलांचा ताबा मिळावा म्हणून. दोन्ही एकदम चालू शकतात. फक्त एकच हवी असेल तर तेही चालतं. बऱ्याच बायांना नवऱ्याला आत टाकायचं नसतं, मार थांबायला हवा असतो. तिला काय हवंय ते तिनं ठरवायचं. आपण आपल्या रागानं तिच्या वतीनं ठरवू नये.

1 जुलै 2024 पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनं 498-अ आता कलम 85 झालंय. नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला छळ, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. लोक अजून '498' च म्हणतात, ठाण्यातही तेच बोललं जातं, पण अर्जात कलम 85 लिहा.

ठाण्यात बाई आली की 2005 च्या कायद्याच्या कलम 5 नुसार पोलिसांनी तिला काही गोष्टी सांगायच्याच असतात. तिला कोर्टाकडं संरक्षण मागता येतं, संरक्षण अधिकारी आणि सेवा देणाऱ्या संस्था आहेत, वकील फुकट मिळतो आणि छळाची फौजदारी तक्रारही करता येते. बहुतेक वेळा हे सांगितलंच जात नाही. तुम्ही सोबत असाल तर ठाणे अंमलदारांना नम्रपणे म्हणा, "साहेब, कलम 5 प्रमाणं तिला माहिती द्या आणि तशी नोंद करा." शब्द नेमका असला की समोरचा सावरून बसतो.

दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो, असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. नवरा-बायकोच्या वादात आधी थोडी चौकशी करायला मुभा आहे. पण चौकशी म्हणजे टोलवाटोलव नव्हे. एफआयआरची प्रत तिला फुकट मिळते. पुढं तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत पोलिसांनीच तिला कळवायचं असतं.

बरेचदा एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नुसती नोंद, घेऊन बोळवण होते. एका ठाण्यात माझ्यासमोर "नोंद केली, जावा आता" असं सांगितलं. मी त्या शब्दावर विश्वास ठेवला. चार महिन्यांनी नक्कल मागायला गेले, तर त्या तारखेला तिच्या नावाची नोंदच नव्हती. त्या दिवसापासून मी नक्कल हातात पडल्याशिवाय बाकावरून उठत नाही. तुम्हीही उठू नका. एनसी असली तरी नक्कल, साधा अर्ज दिला तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक.

आणखी एक. जबाब घ्यायला बाईला तिच्या राहत्या ठिकाणाहून दुसरीकडं बोलावता येत नाही. हे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 मध्ये आहे. "उद्या सकाळी ठाण्यात या" असा फोन आला तर हे ध्यानात असू द्या. तिला स्वतःहून जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पोलिसांच्या आवारात समुपदेशन कक्षही असतात. टाटा समाजविज्ञान संस्थेनं 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी असा पहिला विशेष कक्ष सुरू केला, नंतर ती कल्पना राज्यभर गेली. चांगला समुपदेशक असेल तर तिथं फार मोठं काम होतं. पण समझोता तिच्या इच्छेनं व्हायला हवा. "पोरांकडं बघून नांदायला जा" हे समुपदेशन नव्हे. समझोता झालाच तर तो लेखी हवा आणि त्यात मारहाण करणार नाही हे स्पष्ट शब्दांत हवं.

संरक्षण अधिकारी आणि तो अहवाल

या कायद्यातली सगळ्यात महत्त्वाची खुर्ची हीच, आणि गावात तिचं नाव फार थोड्यांना माहीत असतं. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास खात्याचे असतात. तुमच्या तालुक्याचे कोण आहेत ते आजच शोधून वहीत लिहा, गरज पडल्यावर शोधू नका. सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या मे महिन्यात सगळ्या राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमायला आणि त्यांची माहिती लोकांपर्यंत पोहोचवायला सांगितलंय. तेव्हा "आमच्याकडं असं कुणी नाही" हे उत्तर आता चालणार नाही.

संरक्षण अधिकाऱ्यांनी करायचं पहिलं काम म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल भरणं. त्याला सगळे डीआयआरच म्हणतात. नमुना 1 असतो. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असे हिंसाचाराचे चारही प्रकार येतात. बाया मार तेवढा सांगतात. पगार काढून घेतला, स्त्रीधनाचे दागिने परस्पर गहाण टाकले, किराण्याला पैसे देत नाही, माहेरी फोन करू देत नाही, याला हिंसाचार म्हणतात हेच त्यांना माहीत नसतं. तुम्ही शेजारी बसून आठवण करून द्या. प्रसंग सांगताना तारीख आठवत नसली तर "बेंदराच्या आदल्या दिवशी", "थोरलीच्या दहावीच्या परीक्षेत" असं सांगितलं तरी तारीख काढता येते.

अहवालाची एक प्रत कोर्टाला जाते, एक पोलिसांना. तिला फुकट वकील मिळवून देणं, निवाऱ्याची सोय करणं, दवाखान्यात नेणं, पैशाचा आदेश पाळला जातो का ते बघणं हेही त्यांच्याकडं आहे. आत्ता या क्षणी मारहाण चालू आहे असा फोन आला तर पोलिसांना घेऊन घटनास्थळी जायचं, हेसुद्धा नियमांत आहे. कोर्टानं सांगितलेलं काम त्यांनी कारण नसताना टाळलं तर कलम 33 मध्ये त्यांच्यावरच एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

आणि तक्रार तिनंच द्यायला हवी असं नाही. कलम 4 नुसार कुणीही कळवू शकतं. तुम्ही, शेजारीण, भाऊ, कुणीही. चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. गावात "तुम्ही कशाला मधे पडता?" असं विचारणाऱ्याला हे कलम सांगा.

कोर्ट: कुठलं, किती दिवसांत, काय मिळतं

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं, म्हणजे तालुक्याच्या कोर्टात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि निकाल 60 दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो. निकालाला प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, म्हणून पहिल्या अर्जाबरोबरच अंतरिम आदेश मागा. धोका मोठा असेल तर समोरच्याला न ऐकताही तात्पुरता आदेश देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. तो शपथपत्रावर मिळतो.

आपल्या जिल्ह्यासाठी कलम 27 फार मोलाचं आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी पार तामिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत गेलीत. लेकी तिकडं नांदायला जातात. भाषा येत नाही, शेजारीपाजारी ओळखीचे नाहीत, दुकानाच्या वरच्या खोलीत दिवस काढायचे. अशी एक बाई दोन पोरांना घेऊन दोन दिवसांचा प्रवास करून मिरज जंक्शनवर उतरली. पोरीच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं, त्यात वह्या काढून कपडे कोंबलेले. माहेरच्यांना वाटत होतं, आता केस चालवायला पुन्हा तिकडंच जावं लागणार. तसं नाही. बाई कायमची किंवा तात्पुरती जिथं राहते तिथल्या कोर्टात हा अर्ज चालतो. विट्याला माहेर असेल तर विट्याचं कोर्ट. पोलिसांतही गुन्हा कुठंही घडलेला असो, झिरो एफआयआर जवळच्या ठाण्यात घ्यावा लागतो, मग पोलीसच तो तिकडच्या ठाण्याला पाठवतात.

ऊसतोडीच्या बायांनाही हेच लागू आहे. बीडकडून, जतकडून हंगामाला आलेली जोडपी वाळवा, पलूस, कडेगावच्या कारखान्यांवर कोपी, म्हणजे झोपडी, करून राहतात. हंगामापुरतं राहणं हे तात्पुरतं राहणंच आहे. "तुमचं गाव इथलं नाही" म्हणून तिला परत पाठवता येत नाही.

घराबद्दल सगळ्यांचा एकच समज असतो, "घर मामांच्या नावावर आहे, माझा काय हक्क?" मालकी नसली तरी जिथं ती नांदली त्या घरात राहण्याचा हक्क कलम 17 नं दिलाय. सासऱ्याच्या मालकीचं घरसुद्धा यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात मान्य केलं. तिथं राहणं धोक्याचं असेल तर भाड्याची पर्यायी खोली मागता येते, नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगता येतं, स्त्रीधन परत मागता येतं. मुलांचा तात्पुरता ताबा, खर्च आणि नुकसानभरपाई हे सगळं याच एका अर्जात. आई, बहीण, विधवा भावजय, लग्नाशिवाय एकत्र राहणारी बाई, या सगळ्यांना हा कायदा लागू आहे.

पोटगीचा वेगळा अर्जही करता येतो, आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते, म्हणून अर्जाला उशीर करू नका. उत्पन्नाचं शपथपत्र दोघांनीही द्यायचं. नवऱ्याची कारखान्याची उसाची बिलं, दूध डेअरीचा पासबुक उतारा, सातबारा, ट्रॅक्टरचे कागद यांतलं जे मिळेल ते गोळा करा. "मला काही उत्पन्न नाही" हे उत्तर या कागदांपुढं टिकत नाही.

वकिलाची काळजी करू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार बाई आणि मूल यांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. सांगलीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला कोर्टाच्या आवारातच तालुका समिती, फोनवर 15100.

आदेश मिळाला की त्याची प्रत फुकट मिळते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्याजवळ ठेवा आणि एक प्रत ठाण्यात देऊन पोहोच घ्या. संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड. आदेशानंतर पहिल्यांदा तो दारात आला की लगेच 112. "एकदाच आला होता" म्हणून सोडू नका.

मूल

आता जे लिहिते ते सगळ्यात नीट वाचा.

मुलानं तुम्हाला काही सांगितलं, अंगाला हात लावल्याचं, मोबाइलवर काही दाखवल्याचं, मारल्याचं, तर आपलं काम आहे ऐकणं. "खरंच का?", "नीट आठव", "कुणाला सांगू नको" हे तीन वाक्प्रयोग तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा. खोदून विचारू नका, पाच जणांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. मूल जे शब्द वापरतं तेच शब्द तारीख-वेळेसह वहीत उतरवा.

मग पोलिसांना कळवायचं. लैंगिक अत्याचाराबद्दलचा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. 18 वर्षांखालचं कुठलंही मूल, मुलगा असो की मुलगी. माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. मुख्याध्यापक "शाळेची बदनामी होईल" म्हणाले, सरपंच "दोन्ही घरं बसवून मिटवू" म्हणाले, तरी तुमच्यावरची जबाबदारी संपत नाही. गावकीनं पैसे घेऊन मिटवलेलं प्रकरण कायद्यात मिटत नाही.

पोलिसांनी काय करायचं तेही ठरलेलं आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणी, शक्यतो पीएसआय किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यांनी, साध्या कपड्यांत. मूल रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. 24 तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे संकटातल्या मुलांचं बघणाऱ्या समितीला, आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. मुलीची तपासणी महिला डॉक्टरांनी, पालकांच्या किंवा मुलाचा विश्वास असलेल्या माणसाच्या समोर. तपासणी एफआयआरची वाट बघत थांबत नाही आणि उपचार मोफत. पोक्सोच्या नियमांप्रमाणं बालकल्याण समिती मुलाला सोबतीसाठी एक आधार व्यक्ती देऊ शकते. तपासापासून खटला संपेपर्यंत तीच त्याच्याबरोबर असते. ही सोय बरेचदा मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागाच. नाव, शाळा, गल्ली, आईवडिलांची ओळख कुठंही छापायची नाही. व्हॉट्सअॅपवर फिरवणंही गुन्ह्यातच येतं.

मदतीच्या पैशाबद्दलही बोलते, कारण नव्या लोकांना ते मागताना संकोच वाटतो. महाराष्ट्रात 2 ऑक्टोबर 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, अॅसिड हल्ला यांतल्या पीडितांना प्रकरण पाहून 10 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते आणि ते काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं आहे.

घरातच मार खाणारं, उपाशी ठेवलेलं, कामाला जुंपलेलं मूल असेल तर 2015 चा बाल न्याय कायदा. सांभाळणाऱ्यानंच क्रूरपणा केला तर कलम 75 आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखाचा दंड, किंवा दोन्ही. अशा मुलाला 24 तासांत बालकल्याण समितीपुढं न्यायचं असतं. समितीची बैठक नसेल तर एखाद्या सदस्यापुढंही नेता येतं. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव विचारा. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, सरपंच तिचे अध्यक्ष. शाळेत सखी सावित्री समिती, 2022 च्या शासन निर्णयानं. दोन्हींच्या बैठकांचं रजिस्टर बघायला मागा, नसेल तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.

लग्नाचा मांडव पडलाय आणि मुलगी 18 ची नाही असं कळलं तर आधी ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी. गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी तेच असतात, शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. 1098 लावलं तरी चालतं. शाळेचा दाखला हाताशी ठेवा. लग्न लावून देणारे, भटजी-काझी, हजर राहणारे वडीलधारे असे सगळे 2006 च्या कायद्यात येतात, दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कोर्टाचा मनाई आदेश असताना लागलेलं लग्न कायद्यानं लग्नच नसतं. हे सांगितलं की बऱ्याच ठिकाणी मांडव आपोआप उतरतो.

आईबरोबर माहेरी आलेल्या मुलांचं एक साधं काम राहून जातं, ते म्हणजे शाळा. सासरची शाळा दाखला द्यायला अडवते, किंवा वडील "माझ्या सहीशिवाय देऊ नका" म्हणतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखला उशिरा आला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्याच दिवशी शाळेत न्या. लेकरू वर्गात बसलं की आईचं अर्धं डोकं मोकळं होतं.

एकटी बाई मुलं सांभाळत असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज भरा, एका मुलामागं महिन्याला 2,250 रुपये. योजनेला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात जन्मलेल्या या बाईनं जोतीरावांबरोबर 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, विधवांच्या आणि त्यांच्या लेकरांच्या आसऱ्यासाठी. शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं हे गाव. अर्ज भरताना मला ते दरवेळी आठवतं.

घरातल्या म्हाताऱ्यांचंही एका ओळीत सांगते. मुलगा-सून सांभाळत नसतील, मारत असतील, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज, आणि फोन 14567.

टाळाटाळ झाली तर

तोंडी वाद घालू नका, त्यात आपलाच दिवस जातो. कागद द्या. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर तीच लेखी फिर्याद पोस्टानं विश्रामबागच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाला, त्यानंतरही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं. ही वाट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच दिलेली आहे. बलात्कार, विनयभंग, अॅसिड हल्ला अशा काही गुन्ह्यांची फिर्याद न घेणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम 199 मध्ये किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी जिल्हा पातळीवर महिला लोकशाही दिन असतो, तिथं अर्ज द्या. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही केली?" एवढ्या एका ओळीचा माहिती अधिकाराचा अर्ज कधीकधी दहा फेऱ्यांचं काम करतो.

वही

सगळ्यात शेवटी वही, पण सुरुवात पहिल्या रात्रीपासून करायची. शंभर पानी साधी वही पुरते. तारीख, कुठं गेलो, कुणाला भेटलो, खुर्चीचं नाव, काय म्हणाले, आवक क्रमांक. पाठीमागच्या पानावर फोन नंबर. वहीत पाकीट चिकटवा आणि त्यात केसपेपर, एनसीची नक्कल, डीआयआर, आधारची झेरॉक्स, लग्नाची पत्रिका, फोटो, मुलांचे जन्मदाखले. वही तुमच्याकडं ठेवू नका, तिच्याकडं द्या. लिहिता येत नसेल तर तिची थोरली लिहील.

तारखेच्या दिवशी सकाळच्या एसटीनं जा. कोर्टात अकराच्या आधी पोहोचा, नाव पुकारायच्या आत बाथरूमला जाऊन या, डबा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. तिला बाकावर भिंतीकडच्या बाजूला बसवा आणि तुम्ही बाहेरच्या बाजूला बसा, म्हणजे सासरचं कुणी आलंच तर आधी तुमच्याशी बोलावं लागेल.